निकम सरांचं डायरेक्ट बुकिंग

बोटीची तिकिटं विकायला बोट पाहिलेली असावी लागते, असा काही नियम नाही. मी जळगावात बसून चौदा वर्षं बोटीची तिकिटं विकली आणि बोट पाहिली ती फक्त कॅलेंडरवर. मुंबईच्या मोठ्या एजंटाने पाठवलेलं ते कॅलेंडर माझ्या खुर्चीच्या मागे लटकवलेलं असे. पांढरीशुभ्र बोट आणि कठड्याला टेकून हसणारी एक बाई. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की मी खुर्ची फिरवून त्या चित्राकडे बघायचो आणि उत्तर द्यायचो. जेवायची सोय आहे का? आहे की. संडास आतच का? आतच. बाई एवढी हसतेय त्या अर्थी सगळं असणारच, असा माझा अंदाज. चौदा वर्षांत तो फारसा चुकला नाही, यात माझी हुशारी काहीच नाही.

मी मूळचा धुळ्याचा. तिथे एसटी स्टँडवर रिझर्वेशनच्या खिडकीत चार वर्षं बसलो. खिडकीच्या आतून माणसं फार दीनवाणी दिसतात, त्यामुळे मला वाटायला लागलं की आपण कुणीतरी मोठे आहोत. नोकरी सोडली, जळगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा घेतला आणि ‘टूर्स अँड ट्रॅव्हल्स’ अशी पाटी लावली. खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘शाखा : धुळे’. ही धुळे शाखा म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या कापडाच्या दुकानातलं एक स्टूल. दर बुधवारी मी एसटीने जाऊन त्यावर बसायचो. गिऱ्हाईक आलं तर तिकिटाचं बघायचो, नाहीतर मेव्हण्याला मांजरपाट मोजून द्यायचो.

काशी, रामेश्वर, चारधाम हा आमचा खरा धंदा. बोट नंतर आली. कोचीनहून एक सरकारी बोट सुटायची. दिवसा बेटं दाखवायची, रात्री बोटीवरच झोपायचं, पाच-सहा दिवसांनी परत कोचीन. आता याला क्रूझ म्हणतात आणि टीव्हीवर जाहिरात करतात. आम्ही त्याला बोटीची टूर म्हणायचो. नवलाची गोष्ट अशी की खानदेशातून तिला गिऱ्हाईक मिळायचं. ज्याने आयुष्यात तापीपेक्षा जास्त पाणी पाहिलं नाही तो माणूस पैसे साठवून समुद्रात जायला निघायचा. पण त्यांच्या अटी असत. एका सराफांना खिडकीजवळची जागा हवी होती, पण तिथून पाणी दिसायला नको होतं. अमळनेरच्या एका बाईंनी लोअर बर्थ मागितला, कारण वरचा हलतो. मी म्हटलं, वहिनी, अख्खी बोटच हलते. त्यांनी तिकीट रद्द केलं. खरं बोलण्याचे परिणाम या धंद्यात फार लवकर दिसतात.

डायरेक्ट बुकिंग म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. त्या काळी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराला, बोट कंपनीला पत्र लिहून फॉर्म मागवायचा. सोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. फॉर्म इंग्रजीत यायचा. तो भरून, बँकेतून ड्राफ्ट काढून रजिस्टर पोस्टाने पाठवायचा आणि मग महिनाभर पोस्टमनची वाट बघायची. बेटावर जायला सरकारी परवाना लागायचा, त्याची आणखी वेगळी पत्रापत्री. एजंटाकडे आलं की हे सगळं मी करायचो, म्हणजे मुंबईच्या मोठ्या एजंटाला फोन करून त्याच्याकडून करवून घ्यायचो. तिकिटाची किंमत तीच पडायची. माझं कमिशन बोटवाले द्यायचे. हे मी शंभरदा सांगायचो आणि गिऱ्हाईक शंभरदा मान डोलावून विचारायचं, “ते ठीक आहे भाऊ, पण तू आम्हाला कितीला कापणार?”

आता माझ्या अकलेचा एक नमुना सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

आमच्याकडे प्रस्थान ठेवायची पद्धत होती. प्रवासाचा दिवस चांगला नसेल, अमावास्या वगैरे असेल, तर आधी एखादा चांगला मुहूर्त बघून एक छोटं गाठोडं घराबाहेर काढायचं. त्यात नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि सोबत न्यायची एखादी वस्तू. हे गाठोडं वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या मुहूर्तावरच सुरू झाला, असं धरायचं. मग निघायच्या दिवशी ते उचलून पुढे चालू पडायचं. गाठ मात्र वाटेत सोडायची नाही, मुक्कामी पोचल्यावरच सोडायची.

माझं दुकान स्टेशनच्या वाटेवर. मी विचार केला, लोक गाठोडं ठेवायला ओळखीचं घर शोधत फिरतात, ते आपल्याकडेच का ठेवू नये? पाटी लावली, ‘येथे प्रस्थान ठेवण्याची मोफत सोय’. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. मेव्हण्याकडे लाल कापडाचा एक तागा पडून होता, तो आणला आणि प्रत्येकाला गाठोड्यासाठी लाल फडकंही फुकट द्यायला लागलो. लोक खूश झाले. कपाटात सगळी गाठोडी एकसारखी लाल, एकाच आकाराची, ओळीत मांडलेली. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाट उघडून दाखवायचो. नावाच्या चिठ्ठ्या टाचणीने लावलेल्या असत. हे सगळं मला त्या वेळी फार आधुनिक वाटत होतं.

निकम सर आमच्याच गल्लीत राहायचे. गणिताचे मास्तर, नुकतेच रिटायर झालेले. भाजीवाल्याला दीड पावाचा भाव तोंडी सांगून त्यालाच घाम फोडायचे. त्यांची बायको अक्का, तिकडे धुळ्याकडच्या खेड्यातली. सर छापील मराठी बोलायचे आणि अक्का अहिराणी. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनीही आपापली भाषा सोडली नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. तिच्या नवऱ्याला वेधशाळेत नोकरी होती आणि त्याची बदली थेट त्या बेटांपैकी एका बेटावर झाली होती. वैशालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरांनी बोटीचा प्रवास नको म्हणून सांगितलं. तेव्हा अक्काने ठरवलं, पोर येऊ शकत नाही तर आपण जायचं.

“मन्ही पोर तठे एकली शे, भाऊ,” असं ती दुकानाच्या पायरीवर बसून मला सांगायची. पोर तिथे एकटी आहे. सासू वारलेली, शेजारणींची भाषा वेगळी. चैत्राच्या मध्यावरची तारीख दिलेली आणि बोट दहा-बारा दिवसांतून एकदा. एक बोट चुकली की बाळंतपण हातचं गेलं. बेटावरच्या लोकांसाठीची साधी तिकिटं कधीच संपलेली. उरला मार्ग एकच, टूरवाल्यांच्या जागांमधून जायचं आणि वैशालीच्या बेटावर उतरून घ्यायचं.

सर माझ्याकडे आले. मला वाटलं, चला, शेजारचंच गिऱ्हाईक. त्यांनी खिशातून कागद काढला आणि विचारलं, “बोटीचा वेग ताशी किती?”

मी खुर्ची फिरवली. बाई हसत होती. “चांगला आहे, सर.”

“मजले किती? केबिन कोणत्या बाजूला? पहाटे कुठलं बेट लागतं?”

“सगळं एकदम व्यवस्थित आहे, सर.”

सर उठले. “सुधाकरराव, मध्ये माणूस घातला की माहिती पातळ होते. मी त्यांना डायरेक्ट लिहितो.”

आणि लिहिलं. दीड महिन्यात त्यांच्याकडे दोन तिकिटं, परवाने आणि एवढी माहिती जमली की मुंबईच्या एजंटालाही नव्हती. संध्याकाळी फिरून येताना ते दुकानात डोकवायचे. बोटीचे तीन मजले, इंजिन कुठलं, रोजचा मार्ग, हे सगळं त्यांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलं होतं. कोचीनहून किती तासांनी जमीन दिसेनाशी होते, तेसुद्धा. मी तो कागद मागून घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकांना त्यातलं वाचून दाखवायला लागलो. म्हणजे डायरेक्ट बुकिंगवाल्याच्या जिवावर मी एजंटगिरी करत होतो. लाज वाटायला हवी होती, पण धंदा चांगला चालला होता.

निघायचा दिवस नेमका फाल्गुनातली अमावास्या. अक्का म्हणाली, प्रस्थान ठेवल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. सरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण लेकीकडे निघालेल्या बाईशी वाद घालायचा नाही, एवढं शहाणपण त्यांना होतं. निघायच्या तीन दिवस आधी दोघं गाठोडं घेऊन माझ्याकडे आले. सर ओशाळून म्हणाले, “मी आपला ग्राहक नाही, तेव्हा याचं काही भाडं घ्यावं.” मी मोठेपणाने हात हलवला. “काय सर, घरचंच आहे.”

अक्काने गाठोडं माझ्या हातात दिलं. “बठ्ठं येम्हाच शे, भाऊ. सांभाळजो.”

सगळं यातच आहे. मला वाटलं, नारळ-सुपारीबद्दल बोलतेय. तिने बोटीची तिकिटं आणि परवाने, लांब पाकिटात घालून, त्यातच ठेवले होते. जे विसरायचं नाही ते प्रस्थानात ठेवायचं, असं तिच्या माहेरी होतं. सरांनाही ते पटलं, कारण महत्त्वाची वस्तू एकाच जागी असावी असा त्यांचा नियम. मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय दिवे लावले असते, ते देवाला माहीत.

त्याच दिवशी चौधरी नानांचंही गाठोडं आलं. नाना डाळमिलवाले, माझे जुने गिऱ्हाईक. ते त्याच अमावास्येला काशी आणि गयेला निघाले होते. त्यांच्या गाठोड्यात त्यांच्या वडिलांचा फोटो आणि गयेला पिंड द्यायचे म्हणून सात पिढ्यांच्या नावांचा कागद होता.

दुसऱ्या दिवशी मी पाडव्याची झाडलोट काढली. कपाट रिकामं केलं. चिठ्ठ्यांच्या टाचण्या बोटाला टोचायला लागल्या म्हणून काढून ठेवल्या. कपाट पुसलं, गाठोडी परत मांडली, चिठ्ठ्या परत लावल्या. दोनच तर गाठोडी होती. बायको म्हणाली, “अहो, नीट बघून लावा.” मी म्हटलं, “मला पाठ आहे.” एसटीच्या खिडकीत अख्खा चार्ट पाठ असायचा माझा, दोन गाठोडी काय चीज!

अमावास्येच्या संध्याकाळी सर आणि अक्का लाल गाठोडं घेऊन मुंबईच्या गाडीत बसले आणि नाना लाल गाठोडं घेऊन काशीच्या. दोघांनाही मीच स्टेशनवर पोचवायला गेलो. अक्काच्या सामानात डिंकाच्या लाडवांचा एक, मेथीच्या लाडवांचा दुसरा आणि खारकेच्या पुडीचा तिसरा डबा होता. तिने खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता फोन वाजला.

“नमस्कार. मी निकम. कोचीनहून बोलतो आहे. आपल्या गाठोड्यात एक नारळ, साधारण अर्धा किलो तांदूळ आणि एका मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो निघाला. ते आमच्या घराण्यातले नाहीत. तिकिटं आणि परवाने निघाले नाहीत.”

माझी पाचावर धारण बसली होती.

“बोट उद्या दुपारी बाराला आहे,” सर म्हणाले. आवाजात राग नाही, घाई नाही. फळ्यावर गणित मांडावं तसं सांगत होते. “माझं नाव त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे. तिकिटाची दुसरी प्रत मिळू शकेल. परवाना मात्र मूळच हवा. इथे मला ओळखणारं कुणी नाही.”

मागून अक्काचा आवाज येत होता. ती रडत नव्हती. सारखं एकच विचारत होती, बोट थांबवता येत नाही का.

डायरेक्ट बुकिंगचं असं असतं. सगळं सुरळीत असेल तोवर त्यासारखं सुख नाही. बिघडलं की त्या परक्या गावात तुम्ही आणि तो काउंटर, मध्ये कुणी नाही. एजंटाचं एक बरं असतं, त्याला कामाचं काही कळत नसलं तरी त्याला माणसं माहीत असतात. कोचीनला मुंबईवाल्यांचा एक माणूस होता, थॉमस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आमची ओळख म्हणजे ट्रंक कॉलवरचं हिंदी, त्याचं वाईट आणि माझं त्याहून वाईट. मी सरांना म्हटलं, तिथेच थांबा, आमचा माणूस येतो. सर म्हणाले, “पण मी आपला ग्राहक नाही, सुधाकरराव.” मी फोन ठेवला आणि थॉमसला लावला.

मग काशीला तार केली. नाना कुठल्या धर्मशाळेत उतरलेत ते मला माहीत होतं, मीच जागा ठरवली होती. ‘गाठोड्यातील कागद अत्यंत महत्त्वाचे, ताबडतोब फोन करा.’ संध्याकाळी नानांची उलट तार आली. ‘बोटवाला तुझे तिकीट घेत नाही. परत आल्यावर बघतो.’

याचा अर्थ मला नाना परत आल्यावर कळला. काशीत गाठ सोडल्यावर त्यांना बोटीची दोन तिकिटं दिसली. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास, की त्यांना वाटलं सुधाकरने गंगेतल्या बोटीची सोय जळगावहूनच करून ठेवली. ते कुटुंबाला घेऊन घाटावर गेले आणि कोचीनच्या जहाजाचं तिकीट नावाड्याच्या हातात ठेवलं. नावाडी म्हणाला, हे काय आहे? नाना म्हणाले, वाचता येत नसेल तर मालकाला बोलाव. तिथे अर्धा तास भांडण चाललं. शेवटी नानांनी वेगळे पैसे दिले आणि मधल्या पात्रात गेल्यावर मला शिव्या घातल्या. गयेला सात पिढ्यांपैकी चारच त्यांना आठवल्या. उरलेल्या तिघांचं काय झालं असेल, या विचाराने मला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत होतं.

पण त्या दिवशी मला नानांचं काही सुचत नव्हतं. कागद काशीत आणि बोट उद्या बाराला कोचीनहून. कुणी विमानाने जरी आणले तरी पोचणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं ते फोनसमोर बसायलाच. बुधवार होता, धुळ्याला गेलो नाही. बायकोने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. बारा वाजले, साडेबारा वाजले. मला सारखा अक्काचा तो हात आठवत होता, खिडकीतून डोक्यावर ठेवलेला.

एक वाजून गेल्यावर थॉमसचा फोन आला.

“मॅडम गया,” तो म्हणाला. “सर नहीं गया.”

झालं होतं असं. अक्काचा परवाना बाळंतपणासाठी म्हणून जावयाच्या ऑफिसने मिळवून दिला होता आणि त्याची तार बोटवाल्यांच्या फायलीत होती. थॉमसने सकाळपासून त्या ऑफिसात ठाण मांडून ती फाइल शोधायला लावली. त्या तारेवर अक्काला चढू दिलं. सर मात्र टूरवाले. त्यांचा मूळ कागद नाही, म्हणून त्यांना नाही.

“मॅडम अकेला नहीं जाता था,” थॉमस सांगत होता. “बहुत रोता था. फिर सर उसको कुछ बोला. मॅडम हँसा. फिर चढ गया.”

“सर क्या बोला?”

“मालूम नहीं. तुम्हारा लँग्वेज.”

अक्का पोचली आणि पोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी वैशालीला मुलगी झाली. सर तोवर एकटेच परत आले होते. मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेलो. काय काय ऐकून घ्यावं लागेल याची मनाशी पूर्ण तयारी केली होती. या धंद्यात मी शिव्या काय कमी खाल्ल्या? बस बंद पडली की मी, धर्मशाळेत ढेकूण निघाले की मी, बद्रीनाथला थंडी वाजली तरी मीच. गिऱ्हाईक भडाभडा बोलतं, मी मान खाली घालतो, ते चहा पितं आणि पुढच्या वर्षीचं बुकिंग करून जातं. नानांनीही तेच केलं. आल्या आल्या दुकानात उभे राहून माझ्या सात पिढ्या काढल्या, त्यांना स्वतःच्या आठवत नसूनही, आणि जाताना द्वारकेचं विचारून गेले.

सर गाडीतून उतरले. लाल गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं. “फोटो आत आहे. नारळ वाटेत तडकला, तो टाकावा लागला. त्याची किंमत सांगा.”

“सर, बोला ना काहीतरी,” मी म्हटलं.

“काय बोलू?”

“मला बोला. चूक माझी आहे.”

“तसं कसं? मी आपला ग्राहक नाही. मी डायरेक्ट बुकिंग केलं होतं. गाठोडं ठेवायलाही आपण काही घेतलं नव्हतं. आपल्याला बोलण्याचा मला अधिकार नाही.” एवढं बोलून ते रिक्षात बसले.

पुढचे दोन महिने ते दुकानासमोरून जाता-येता मला नमस्कार करत होते. तो नमस्कार बघून मला घास उतरत नव्हता. लाल कापडाचा उरलेला तागा मी मेव्हण्याला परत केला. पाटी काढली. धंद्यात मी भल्याभल्यांना गुंडाळलं, त्याचं मला काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण ज्या एका माणसाने माझ्याकडून काहीच घेतलं नव्हतं त्याचंच मी वाटोळं केलं, हे मनातून जाईना.

सव्वा महिना उलटल्यावर जावई अक्काला मुंबईपर्यंत सोडून गेला आणि ती जळगावला आली. दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानाच्या पायरीवर हजर. उन्हाने काळी झालेली, पण चेहरा फुललेला.

“नात व्हयनी, भाऊ!” तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. मग बोटीच्या गोष्टी सांगायला लागली. पहिल्या दिवशी पोटात ढवळलं, मग काही नाही. बोटीवरच्या बायकांना तिने मेथीचे लाडू दिले, त्यांनी तिला मासे दिले, तिने ते गुपचूप समुद्रात परत सोडले. शेजारणींशी ती अहिराणीत बोलायची, त्या त्यांच्या भाषेत, आणि बाळंतिणीला शेक कसा द्यायचा यावर त्यांचं जोरदार भांडणसुद्धा झालं. मी एवढ्या दिवसांनी हसलो.

“बाकी एक सांगस,” ती पदर तोंडाला लावून म्हणाली. “मास्तरले पानीनं भेव वाटस! चाळीस वरीसमा मले मालूम नव्हतं.”

धक्क्यावर ती एकटी जायला तयार होईना, तेव्हा सरांनी तिच्या कानात सांगितलं होतं, की मला पाण्याची फार भीती वाटते, लाजेपायी बोललो नाही, कागद हरवला ते बरंच झालं, तू जा, मी सुटलो. एवढा कडक माणूस पाण्याला भितो म्हणून तिला हसू फुटलं आणि हसत हसतच ती चढली. हे सांगतानाही तिचे डोळे हसून हसून भरले होते. मलाही गंमत वाटली. मला वाटलं, चला, सरांचं काही फार गेलं नाही तर.

त्यानंतर आठवड्याभराने सर आले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि खुर्चीत बसले.

“अशा दोन तिकिटांवर आपलं कमिशन किती होतं?”

मी आकडा सांगितला. त्यांनी तोंडातल्या तोंडात पडताळून पाहिला, खिशातून तेवढेच पैसे काढून टेबलावर ठेवले.

“सर, हे कशाचे?”

“आधी घ्या.”

“अहो पण...”

“घ्या म्हणतो ना!”

मी घेतले. सर उभे राहिले. त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मग मला बोलायला सुरुवात केली. मी आयुष्यात तेवढं कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. शिवी एकही नाही. सगळं शुद्ध मराठीत, मुद्देसूद, वर्गात नापास मुलाला उभं करून बोलावं तसं. निष्काळजी, उथळ, चित्राकडे बघून धंदा करणारा माणूस. एक चिठ्ठी नीट लावता येत नाही आणि माणसांना समुद्रात पाठवता. एका बाईचं बाळंतपण चुकलं असतं तर कुठल्या तोंडाने उभे राहिला असतात? मी मान खाली घालून ऐकत होतो आणि खरं सांगतो, दोन महिन्यांनी मला मोकळा श्वास येत होता.

मग सरांचा आवाज एकदम बदलला.

“मी दोन तास उभा होतो त्या धक्क्यावर,” ते म्हणाले. “तीन मजले होते. मी काढले होते तसेच. आमची केबिन कुठली ते मला खालून ओळखू आलं. माझी बॅग माझ्या हातात होती हो. मला जायचं होतं!”

ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. साठीला आलेला माणूस माझ्यासमोर रडत होता आणि मला पाण्याचा ग्लासही पुढे करायचं सुचलं नाही.

मग मी म्हटलं, “सर, पाऊस संपला की पहिल्या बोटीने मी तुम्हाला पाठवतो. दोघांना. सगळा खर्च माझा. अगदी डायरेक्ट करा बुकिंग, मी मध्ये येत नाही.”

त्यांनी चष्मा लावला, छत्री उचलली.

“आता कसा जाऊ?” सर म्हणाले. “तिला सांगून बसलोय, पाण्याची भीती वाटते म्हणून. गेलो तर तिला कळेल ना.”

अक्का त्यानंतर तीनदा नातीकडे गेली. तिकीट दरवेळी सरांनीच काढलं, डायरेक्ट, एकाचंच.